एकाच नाकपुडीतली सर्दी

आई तुळशीला पाणी घालायला वाकली की डाव्या नाकपुडीतून पिवळट पाणी टपकायचं. घाण वास तिचा तिलाच यायचा; शेजारी बसून मला येत नसे. तीन महिने वाफारे झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, त्याच बाजूच्या वरच्या दाढेचं काही काम केलंय का?"

केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी इम्प्लांट.

जबड्याच्या सीबीसीटी (त्रिमितीय) स्कॅनमध्ये उजवं सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी, काळं दिसत होतं; ते हवेनं भरलेलं होतं. डावं अर्धं करडं. त्यात खालून इम्प्लांटच्या टिटॅनियमच्या स्क्रूचं पांढरं टोक डोकावत होतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला भिडलेली असतात. दाढ काढली की तिथलं हाड झिजतं आणि सायनस खाली पसरतं. हाड फार कमी उरलं तर आधी सायनसचा पडदा उचलून त्याखाली हाडाची भुकटी भरतात. हा पडदा बहुधा एक मिलीमीटरहूनही पातळ, उकडलेल्या अंड्याच्या सालीखालच्या पापुद्र्यासारखा. तो फाटला तर भुकटीचे कण आत सांडतात, जंतूंना वाट मिळते. त्यात सायनसचं तोंड तळाशी नसून वर, नाकाच्या बाजूच्या भिंतीत असतं. सूक्ष्म केस एरवी स्राव वर ढकलत नेतात. सूज येऊन ते तोंड मिटलं की पू आतच कुजतो.

आईलाही अशी भुकटी भरली होती, पण त्याआधी फक्त दाताचा छोटा एक्सरे काढला होता. त्या सपाट चित्रात सायनसच्या आतलं काय दिसणार? आधीच स्कॅन करायला हवा होता, याचा राग मला अजून येतो.

शस्त्रक्रिया नाकातून, दुर्बिणीनं झाली. नंतर डॉक्टरांनी चित्रफीत दाखवली: बुजलेलं तोंड रुंद केलं, घट्ट पू ओढून घेतला, त्यासोबत हाडाचे तीन-चार पांढरे कण आले. स्क्रू काढायचा का, यावर ते दातांच्या डॉक्टरांशी फोनवर बराच वेळ बोलले. स्क्रू हाडात पक्का बसला होता, हिरडी निरोगी होती, म्हणून ठेवला.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. आईनं हे इतकं मनावर घेतलं की शिंक येणार वाटलं तरी ती हातातलं काम टाकून उभी राहायची. पंधराव्या दिवशी तिनं पांढऱ्या रुमालात हलकेच नाक शिंकरलं, खिडकीशी जाऊन रुमाल उजेडात धरला आणि मला हाक मारली.