बाळ, मांजर आणि शिंका

नेदरलँड्समध्ये शेजारी पाहा, शाळेतली मैत्रीण पाहा, कोणाकडे तरी मांजर नाहीतर कुत्रा असतोच. मग आपली मुलंही मागे लागतात, ‘आपणही आणू या ना!’ त्यात कोणीतरी सांगतं, लहानपणीच सवय लावा, म्हणजे ॲलर्जी होत नाही. यात तथ्य किती, ते आज पाहू.

आधी एक गैरसमज. ॲलर्जी मांजराच्या केसांची नसते. त्याच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि बारीक कण हवेत उडतात. ते कपड्यांना चिकटून शाळेतही पोचतात. म्हणून घरात मांजर नसतानाही मूल शिंकू शकतं. मांजर दुसऱ्याला दिलं, तरी कण घरात काही महिने राहतात.

आता सवयीचं. शेंगदाण्याच्या बाबतीत ते खरं ठरलं. ब्रिटनमध्ये, धोका जास्त असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तेव्हा ती ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं २०१५ साली दिसलं. प्राण्यांचं गणित इतकं सरळ नाही. त्याच वर्षी स्वीडनमध्ये, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत पुढे दमा सुमारे १३ टक्के कमी आढळला. पण इथला ‘पियामा’ अभ्यास, ज्यात १९९६-९७ साली जन्मलेली सुमारे ४,००० डच मुलं आहेत, तो धरून युरोपातल्या ११ अभ्यासांची आकडेवारी २०१२ साली एकत्र तपासली गेली. बाळपणी घरात प्राणी असल्याने दमा वाढलाही नव्हता, घटलाही नव्हता. शिवाय ज्यांच्या घरात दमा आहे, ते मुळात प्राणी कमी पाळतात. त्यामुळे तुलना अवघड होते.

मग करायचं काय? औषध म्हणून प्राणी आणू नका, आणि बाळ होणार म्हणून घाबरून सोडूही नका. मुलाला आधीच दमा किंवा ॲलर्जी असेल, तर मात्र ‘होईल सवय’ म्हणत थांबू नका. रात्रीचा खोकला, धाप, छातीत घरघर दिसली की हाउसआर्ट्सना भेटा. रक्ततपासणीने नेमकी ॲलर्जी कळते.

प्राणी आणण्यापूर्वी मांजर असलेल्या मित्राकडे मुलाला चार-पाच वेळा नेऊन पाहा. घरात आणलाच, तर झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नका. गालिचा नको, हात धुवा, थंडीतही रोज थोडा वेळ खिडक्या उघडा.

आणि हो, भारतातून तीन महिन्यांसाठी येणाऱ्या आजी-आजोबांना दमा असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच घरातल्या मांजराबद्दल सांगा. त्यांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.