रथाचा ध्वज आणि रणगाड्याची काठी

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटावयास आला होता. लष्कराच्या सिग्नल खात्यांत सारी उमेद घालवून तो नुकताच निवृत्त झाला आहे. फराळाचीं ताटें पुढें आलीं तों आमच्या धाकट्या नातवानें त्याला गांठलें. “काका, लष्कराच्या गाड्यांवर त्या लांब लांब काठ्या कशाला असतात हो?” २६ जानेवारीचें संचलन पाहतांना त्याला पडलेला हा प्रश्न घरांत कोणालाच नीट सोडवितां आला नव्हता. विद्यार्थी हंसून म्हणाला, “अरे, तुझ्या आजोबांना विचार. तरंग म्हणजे काय हें मला त्यांनींच तंबोऱ्यावर शिकविलें.” मी मूळचा संस्कृताचा मास्तर, परंतु आमच्या लहानशा शाळेंत शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले कीं त्यांचा तास मजकडे येई, आणि प्रयोगाचें साहित्य म्हणून संगीताच्या वर्गांतला तंबोरा तेवढा हातीं लागे. त्या दिवशीं मात्र गुरु ऐकत बसला व शिष्य बोलूं लागला. त्यानें सांगितलेलें, आणि मागाहून मीं पुस्तकांतून ताडून पाहिलेलें, वाचकांपुढें ठेवीत आहें. त्यांत गुप्त असें कांहीं नाहीं. तसें असतें तर त्यानें तें मला सांगितलेंच नसतें.

महाभारतांतील युद्धाचीं पर्वें वाचतांना महारथ्यांच्या ध्वजांचें वर्णन येतें. अर्जुनाच्या ध्वजावर कपि, भीष्मांच्या ध्वजावर ताड, द्रोणाचार्यांच्या ध्वजावर वेदी आणि कमंडलु. धुळीच्या लोटांत आपला कोण व परका कोण हें ओळखण्याचें तें साधन. रणगाड्यावरील काठी तेंच काम निराळ्या रीतीनें करते. ध्वज डोळ्यांना दिसतो, हिचें बोलणें यंत्राच्या कानाला ऐकूं येतें. आमच्या कोशकारांनीं तिला ‘आकाशक’ असें नांव दिलें आहे. व्यवहारांत सर्वजण अँटेना म्हणतात, आणि आमच्या वडिलांच्या तोंडीं एरियल हा शब्द होता. ‘आकाशक’ हें नांव मला आवडतें, कारण नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचाच गुण मानिला. मात्र तेवढ्यावरून ‘हें सर्व आमच्या पूर्वजांना ठाऊक होतें’ असें म्हणणारांच्या पंक्तीला मी बसणार नाहीं. नैयायिकांचा शब्द म्हणजे कानांनीं ऐकूं येणारा ध्वनि. काठींतून निघतो तो विद्युच्चुंबकीय तरंग, प्रकाशाचा सख्खा भाऊ. त्याला प्रयोगानें सिद्ध केलें तें हर्ट्झनें, जर्मनींत कार्ल्सरूह येथें, १८८८ च्या सुमारास. आणि पुढें सातआठ वर्षांतच कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस कांहीं मिलिमीटर लांबीचे तरंग खेळवूं लागले.

जमिनीवरील सैनिक व डोक्यावरील विमान ह्यांना एकमेकांशीं बोलतां न येण्याची किंमत काय असते, तें १९४४ च्या जुलैंत फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत दिसून आलें. सँ-लो गांवाजवळ जर्मनांची फळी फोडण्यासाठीं अमेरिकन सेनेनें ‘कोब्रा’ ह्या नांवाची मोहीम आंखिली होती. आरंभीं अवजड विमानांनीं शत्रूच्या पट्ट्यावर बाँबवर्षाव करावयाचा, आणि लगेच पायदळानें पुढें घुसावयाचें. प्रत्यक्षांत धूर आणि धूळ वाऱ्यानें मागें सरकली, कांहीं बाँब अलीकडेच पडले, आणि २५ जुलै ह्या एका दिवशीं १११ अमेरिकन सैनिक स्वकीयांच्याच बाँबखालीं मेले. त्यांत लेफ्टनंट जनरल मॅक्‌नेअर हेहि होते. आदल्या दिवशीं असेच २५ गेले होते. ह्या अनर्थाला कारणें अनेक, व त्यांवरून सेनापतींमध्यें पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु खंदकांतील माणसाला वरच्या वैमानिकास ‘थांब’ म्हणून सांगण्याचा मार्गच नव्हता, ही गोष्ट उरतेच.

नवलाची गोष्ट अशी कीं त्याच मोहिमेंत ह्या दुखण्यावरचा एक उपायहि प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. रणगाड्यांतील बिनतारी यंत्रें सुमारें २० ते २८ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यांत बोलत. लढाऊ विमानांतील यंत्रें १०० ते १५६ मध्यें. आवाज तरंगावर चढविण्याची रीतहि दोघांची निराळी. एकाच वाड्यांत दोन सख्खे भाऊ राहावे, आणि एकाला कानडीखेरीज व दुसऱ्याला बंगालीखेरीज कांहीं येऊं नये, अशी ती स्थिति. तेव्हां विमानदलाचे जनरल केसाडा ह्यांनीं भूदलाच्या जनरल ब्रॅडली ह्यांच्याशीं ठरवून विमानांतलें यंत्रच उचलून आघाडीच्या रणगाड्यांत बसविलें, आणि त्याच्यापुढें बोलावयास एक वैमानिकहि बसविला. ह्या यंत्राचें नांव एस्. सी. आर. ५२२. त्यांत स्फटिकांनीं ठरविलेल्या अवघ्या चार वाहिन्या होत्या. वर थंडरबोल्ट विमानांच्या तुकड्या आळीपाळीनें घिरट्या घालीत, आणि रणगाड्यांतला वैमानिक वरच्या वैमानिकाला त्याच्याच परिभाषेंत लक्ष्य दाखवून देई. तरीहि गाड्यांच्या पाठीवर रंगीत कापडें पसरून ठेवीतच. नुसत्या कानावर विसंबण्याइतका विश्वास कोणाचाच नव्हता, व तें योग्यच होतें.

आपल्याकडे १९७१ च्या डिसेंबरांत लोंगेवाला येथें हाच धडा दुसऱ्या बाजूनें मिळाला. रात्रभर एका लहानशा तुकडीनें पाकिस्तानी रणगाडे अडवून धरले. ५ तारखेस उजाडतांच जैसलमेरहून हंटर विमानें आलीं, आणि त्यांना लक्ष्यें दाखविलीं तीं ‘कृषक’ नांवाच्या एका छोट्या विमानांतून मेजर आत्मासिंग ह्यांनीं. पद्धति कोणतीहि असो, वरचा व खालचा ह्यांच्यामध्यें दोन शब्दांची वाट मोकळी असावी लागते.

आतां काठीकडे वळूं. तंबोऱ्याची तार आंखूड केली कीं स्वर चढतो, लांब केली कीं उतरतो. आकाशकाचें गणित असेंच आहे. तरंगाची लांबी मीटरांत हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें. त्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी काठी गाडीच्या पत्र्यावर उभी केली कीं ती त्या तरंगाशीं सुरांत लागते. भूदलाच्या गाड्या आपसांत ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्यें बोलतात. ३० ला काठी अडीच मीटर लागते, ८८ ला ८५ सेंटिमीटर पुरे. मुलकी विमानांचें बोलणें ११८ ते १३७ मध्यें चालतें, तेथें काठी दीड हाताहून लहान. पुष्कळ देशांच्या लष्करी विमानांचा पट्टा २२५ ते ४०० चा. तेथें दीड वितीपासून वीतभर. ह्यांत एक गंमत संगीताच्या जाणकारांना आवडेल. संकटांत सांपडलेल्या विमानानें हांक मारण्याची मुलकी वाहिनी १२१.५ ची, आणि लष्करी २४३ ची. म्हणजे बरोबर दुप्पट. मध्य सप्तकांतला षड्ज आणि तार सप्तकांतला षड्ज!

१९७३ मध्यें सिंहगडावरून दूरदर्शन दिसूं लागल्यावर पुण्याच्या गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या शिड्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या प्रत्येक नळीची लांबी अशीच मोजून घेतलेली असे. त्यावर कावळा बसला कीं चित्र हले, आणि घरांतला एक मुलगा वर पाठवून ‘आतां दिसतें का?’ असा संवाद चाले. पण तेथें ऐकावयाची वाहिनी एकच होती. लष्करी गाडीला एकाच काठीनें भूदलाशीं, मुलकी विमानाशीं, लढाऊ विमानाशीं, सर्वांशीं बोलावयाचें असतें. काठीची लांबी जुळली नाहीं म्हणजे यंत्रांतून निघालेली शक्ति काठीच्या बुडाशीं आपटून माघारीं फिरते, बंधाऱ्यावर आदळलेल्या लाटेप्रमाणें. जुळणीचें माप तीनास एक इतकें बिघडलें तर चौथा हिस्सा शक्ति परत येते. त्याहून बिघडलें तर शब्द जात नाहीं तो नाहींच, यंत्रहि तापतें.

पूर्वीं ह्यावर इलाज सोपा होता. कांहीं आकाशकांच्या बुडाशीं जुळणीची एक पेटी असे. वाहिनी बदलली कीं तिच्यांतला टप्पा बदलावयाचा. पण शत्रु आपलें बोलणें हुडकून त्यावर गोंगाट ओततो, म्हणून यंत्रें आतां एका वाहिनीवर बसतच नाहींत. बोलतां बोलतां उड्या मारतात. अमेरिकन भूदलाचें ‘सिंगार्स’ नांवाचें यंत्र सेकंदाला सुमारें शंभर उड्या मारतें, आणि विमानांच्या पट्ट्यांत ‘हॅव क्विक’ ही तशीच युक्ति आहे. दोन्ही टोंकांच्या यंत्रांना उड्यांचा क्रम आधीं ठाऊक असतो, त्रयस्थाला नुसता खरखराट. अशा वेळीं पेटींतला टप्पा कोण आणि कधीं बदलणार? काठीच अशी हवी कीं जिला सगळे स्वर सारखेच.

विद्यार्थ्यानें येथें मला एक उलटा प्रश्न केला: “गुरुजी, तंबोऱ्याची एकच तार सर्व स्वरांना बोलती कशी कराल?” मला उत्तर सुचलें नाहीं. उत्तर असें कीं तार जाड करावी. बारीक तार एकाच सुराला हट्टानें धरून बसते. जाड नळी किंवा शंकू सैल मनाचा असतो, आजूबाजूच्या स्वरांनाहि जागा देतो. ऑलिव्हर लॉज ह्यांच्या १८९८ च्या अमेरिकन पेटंटांत तोंडाशीं तोंड लावलेल्या दोन शंकूंचें आकाशक आहे. १९४५ मध्यें कँडोइयन ह्यांनीं शंकूवर एक तबकडी ठेवून तसेंच काम साधलें, आणि तें लहान आंकड्यापासून दसपटीपर्यंत चालतें. परंतु धांवत्या गाडीवर मोठा शंकू वागविणें कठीण. म्हणून फायबरग्लासच्या नळीच्या पोटांत जाड धातूच्या नळ्या, त्यांना जुळविणारीं वेटोळीं, आणि कोठें कोठें थोडी शक्ति मुद्दाम उष्णतेच्या रूपानें जिरविणारे रोधक बसवितात. ही शेवटची तडजोड लपविण्यासारखी नाहीं. एकत्र कुटुंबांत लहान मुलें, पथ्याचे आजोबा व तिखट खाणारे काका ह्यांना मिळून एकच आमटी करावी तशी ही काठी. प्रत्येकाला मनासारखी नाहीं, पण कोणीहि उपाशी उठत नाहीं.

आणि हें सर्व टिकलें पाहिजे. झाडाची फांदी लागली कीं काठी वांकावी व पुन्हा उभी राहावी, म्हणून बुडाशीं जाड स्प्रिंग. टोंकाला टोपी असते ती कोणाच्या डोळ्यांत जाऊं नये म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे वरच्या विजेच्या तारेला काठी लागली तर प्रवाह आंत उतरूं नये म्हणून. तसें झाल्यास गाडींतला माणूस वांचण्याची आशा थोडी. म्हणून रस्त्यानें जातांना काठी वांकवून दोरीनें बांधून ठेवण्याचा कडक नियम आहे. हादरे, ऊन, थंडी, वाळू, खारी हवा ह्या सर्वांच्या परीक्षा १९६२ पासून ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ ह्या अमेरिकन संहितेंत लिहिलेल्या आहेत, व इतर देशहि त्या मानतात. पण विद्यार्थ्याच्या मतें काठी मोडण्यापेक्षां जोड बिघडण्याचाच त्रास अधिक. पाणी शिरतें, गंज धरतो. एकदां त्यानें एका गाडीचें यंत्र दिवसभर तपासलें, दोष सांपडेना. संध्याकाळीं लक्षांत आलें कीं वरिष्ठांच्या पाहणीसाठीं कोणीं उत्साहानें गाडीला नवा रंग दिला होता, आणि तो काठीच्या बैठकीखालींहि फांसला होता. गाडीचा पत्रा हा काठीचा दुसरा अर्धा भाग. रंगाच्या पापुद्र्यानें दोघांची फारकत झाली होती. चाकूनें चार बोटें रंग खरवडला आणि यंत्र बोलूं लागलें. रंग खरवडल्याबद्दल बोलणीं खावीं लागलीं तीं निराळीं.

ध्वजाचा जुना दोषहि काठीला चिकटलेला आहेच. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या सेनापतींच्या रणगाड्यावर तारेच्या ताऱ्यासारखें एक जादा आकाशक असे. तोफेच्या जागीं नुसती खोटी नळी बसवून कांहीं गाड्यांत यंत्रांना जागा केलेली होती. वेष सर्वांसारखाच, पण डोक्यावरचा तुरा पाहून शत्रूनें ओळखावें कीं येथें कोणी मोठा बसला आहे. अनेक पट्ट्यांना एकच काठी पुरली तर हा तुरा कमी होतो, हाहि लाभ थोडाथोडका नव्हे.

नातू इतका वेळ चकली हातांत धरून ऐकत होता. त्यानें विचारलें, “मग विमान कितीहि लांब असलें तरी ऐकूं येतें?” विद्यार्थ्यानें कागद घेतला. हे तरंग बहुतेक सरळ रेषेंत जातात. पृथ्वीचा फुगवटा आड आला कीं संपलें. तीन तीन मीटर उंच काठ्यांच्या दोन गाड्यांमध्यें सपाट मैदानावर सुमारें १४ किलोमीटर अंतर पोंचतें, पण विमान ३००० मीटरांवर असेल तर तेंच अंतर सव्वादोनशें किलोमीटरांच्या घरांत जातें.

“आणि अगदीं डोक्यावर आलें तर फारच छान ऐकूं येईल!”

“तेथेंच फसगत आहे, बाळ. उभी काठी चोहोंकडे बोलते, पण आपल्या टोंकाच्या दिशेला बोलत नाहीं. समईच्या खालीं अंधार, तसा काठीच्या वर. विमान बरोब्बर डोक्यावर आलें कीं आवाज क्षीण होतो, कधीं तुटतोहि.”

“मग काय करायचें?”

“गाडीचा पत्रा लहान असल्यामुळें आवाज आपोआप थोडा वर उचलला जातो, त्याचा फायदा घ्यायचा. आणि जें सांगायचें तें विमान डोक्यावर येण्याच्या आधींच सांगून टाकायचें.”

नातवानें चकली संपविली, आणि गच्चीवर अजून पडून असलेली जुनी शिडी पाहावयास तो धांवत गेला.