हिवाळी सुट्टी आणि घरातील लहान मुले : उबेबरोबरच दक्षताही आवश्यक

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की लहान मुले असलेल्या घरांचा दिनक्रम बदलू लागतो. सकाळची घाई कमी होते, स्वेटर-कानटोप्या कपाटाबाहेर येतात आणि एरवी शाळेत किंवा पाळणाघरात असणारी मुले दिवसभर घरात वावरू लागतात. नाताळ, नववर्ष आणि मकरसंक्रांत असे सण लागोपाठ येत असल्याने पाहुण्यांची वर्दळही वाढते. मात्र थंडीसाठी बंद केलेली खिडकी, उबेसाठी पेटविलेली शेगडी आणि सणासाठी मांडलेला खाऊ या तिन्ही गोष्टी पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत धोकादायक ठरू शकतात. त्यामागील कारणे समजून घेतल्यास बहुतेक धोके घरच्या घरी टाळता येतात.

सुट्टी एक, रूपे अनेक

देशात हिवाळी सुट्टीचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. काश्मीर खोऱ्यात साधारणतः डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शाळा बंद असतात. हिमाचल प्रदेशातील उंच, हिमवर्षाव होणाऱ्या भागांतही मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात दिली जाते. दिल्लीत ती प्रायः जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते. थंडीची लाट तीव्र असल्यास उत्तरेकडील राज्यांत ही सुट्टी वाढविण्याचे आदेशही निघतात. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची. नाताळची सुट्टी मोजक्या दिवसांची असते आणि सर्वच शाळांना ती सारखी मिळत नाही. नोकरीनिमित्त दिल्ली, चंडीगड किंवा लखनौ येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच हा फरक विशेष जाणवतो. पुण्या-मुंबईच्या सौम्य थंडीची सवय असलेल्या आजी-आजोबांचे अनुभव तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

लहान मुलांना थंडी अधिक का बाधते?

वजनाच्या तुलनेत लहान मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा अधिक असते. त्यामुळे शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने उघड्या डोक्यातून होणारा उष्णतेचा ऱ्हासही लक्षणीय असतो. शिवाय थंडीने कुडकुडून ऊब निर्माण करण्याची क्षमता नवजात अर्भकात पुरेशी विकसित झालेली नसते. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले २४ तास बाळाला स्नान घालू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धतही याच तत्त्वावर आधारित आहे.

याचा अर्थ बाळाला कपड्यांच्या थरांत गुंडाळून ठेवावे, असा मात्र नाही. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयुक्त ठरतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. बाळाची मान व पाठ हाताला उबदार परंतु घामेजलेली नसावी, ही सोपी कसोटी आहे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण घेऊ नये. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावून ठेवल्यास कोवळी त्वचा भाजण्याचा धोका असतो, हेही लक्षात ठेवावे.

शेगडी, गीझर आणि न दिसणारा वायू

हिवाळ्यातील सर्वांत गंभीर घरगुती धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही जाणवत नाही. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या प्राणवायूत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूशी दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडले जाते. परिणामी श्वास सुरू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेत असल्याने त्यांच्यावर हा परिणाम लवकर होतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. लहान मूल ती शब्दांत सांगू शकत नाही आणि ते शांत झोपले आहे, असे समजून घरच्यांची फसगत होते.

उत्तर भारतात बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपल्याने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या घटना जवळपास प्रत्येक हिवाळ्यात घडतात. महाराष्ट्रातील शहरांत हाच धोका न्हाणीघरात बसविलेल्या गॅस गीझरमुळे उद्भवतो. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर ठेवणे, गॅस गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे आणि ते शक्य नसल्यास आधी बादली भरून, गीझर बंद करून, दार-खिडकी उघडून हवा खेळू दिल्यानंतरच मुलाला आत नेणे, हे उपाय अत्यावश्यक आहेत. घरातील एकाहून अधिक व्यक्तींना एकाच वेळी डोकेदुखी व गुंगी जाणवल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत येऊन वैद्यकीय मदत घ्यावी.

सर्दी कोणती, न्यूमोनिया कोणता?

लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सामान्य बाब आहे. थंड हवा हे सर्दीचे प्रत्यक्ष कारण नसून ती विषाणूंमुळे होते. हिवाळ्यात बंद खोल्यांत माणसे एकत्र राहत असल्याने विषाणूंचा प्रसार वाढतो. विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. खोकल्याच्या औषधांबाबतही सावधगिरी हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधामुळे बालकांचे मृत्यू झाले. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली. एक वर्षाखालील बाळाला खोकल्यासाठी मध चाटविण्याची जुनी रीतही टाळावी. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते.

न्यूमोनियाची शंका मात्र घरीही ओळखता येते. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याच्या छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक असल्यास ते धोक्याचे लक्षण मानले जाते. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, बाळाने दूध पिणे सोडणे किंवा ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख कारणापासून संरक्षण देणारी न्यूमोकॉकल लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर समाविष्ट झाली असून ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. सुट्टीत गावी जाताना लसीची तारीख चुकत नाही ना, हे अवश्य पाहावे.

बोरन्हाण आणि नाताळचा खाऊ

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मराठी घरांत लहान मुलांचे बोरन्हाण केले जाते. बाळाला काळे कपडे व हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे आणि रेवड्या ओततात व जमलेली मुले तो खाऊ वेचतात. काळा रंग उष्णता शोषून घेतो. तीळ, गूळ, बोरे व हरभरे हे तर हंगामाचेच पदार्थ. भोगीच्या मिश्र भाजीतून आणि बाजरीच्या भाकरीतूनही मुलांना ऋतूची ओळख होते. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळनिमित्त मुले मोठ्यांबरोबर गोठ्याचा देखावा मांडतात, तर नेवऱ्या व कुलकुल करण्यात त्यांचेही हात लागतात. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत रुळलेला आहे.

या आनंदात एक खबरदारी महत्त्वाची. सबंध शेंगदाणे, फुटाणे, बी असलेले बोर, कडक रेवडी व गोळ्या हे पदार्थ चार-पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. या वयात दाढा पुरेशा नसतात आणि खाता खाता हसणे-धावणेही सुरू असते. उत्सवमूर्ती बाळासाठी चुरमुरे, फुले वा मऊ बिस्किटे वापरावीत, त्याच्या तोंडाकडे एका मोठ्या व्यक्तीने सतत लक्ष ठेवावे आणि छायाचित्र काढून होताच हलव्याचे दागिने उतरवावेत. तिळगूळ द्यायचाच झाल्यास तो कुस्करून, शेंगदाण्याचे कूट करून द्यावा.

घास अडकून मूल खोकू वा रडू शकत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. नंतर बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. अडथळा निघेपर्यंत हा क्रम सुरू ठेवावा. एक वर्षावरील मुलाच्या बाबतीत छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर आत व वर असा दाब दिला जातो. दरम्यान, दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अडकलेली वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. त्यामुळे ती अधिक खोल जाऊ शकते.

सुट्टीचा खरा लाभ

या दिवसांत मुलांना खेळण्यासाठी बाहेर नेण्याची योग्य वेळ म्हणजे ऊन चांगले वर आल्यानंतरची. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहिल्याने धूर व धूलिकण सकाळी खालीच साचतात. ऊन तापल्यावर ते विरळ होतात. त्याच वेळी घराच्या खिडक्याही काही काळ उघड्या ठेवाव्यात.

लहान मुलांना सुट्टीत महागडी खेळणी वा दूरचे प्रवास लागतातच असे नाही. झोपेच्या व जेवणाच्या वेळा नियमित राहिल्या, उन्हात एखादा तास खेळायला मिळाले आणि घरातील कोणी हरभऱ्याचे घाटे सोलताना शेजारी बसवून घेतले, तरी त्यांचा दिवस भरून जातो. मोठ्यांच्या वाट्याला येते ती थोडीशी दक्षता. रात्री दिवा मालवण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवली आहे का, हे एकदा पाहण्यास क्षणभर पुरतो. पण संपूर्ण घराची सकाळ त्यावर अवलंबून असते.