मारू की थांबू? पूलच्या टेबलावरचा एक निर्णय आणि त्यामागचं गणित



आजचा विषय थोडा वेगळा आहे. नववीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना आपण नाणेफेक, फासे आणि पत्ते यांची उदाहरणं देतो. मुलं गणितं सोडवतात, गुणही मिळवतात. पण 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न तसाच राहतो. यंदा त्याचं उत्तर मला एका विद्यार्थ्यानेच दिलं.

हा मुलगा पूल खेळतो. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमधल्या स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि शेवटच्या डावात हरला. त्याचा फक्त काळा बॉल, म्हणजे आठ नंबर, उरला होता. सरळ मारता येत नव्हता म्हणून त्याने कुशनवर आपटून पॉकेटमध्ये घालायचा प्रयत्न केला. तो चुकला आणि समोरच्याने डाव संपवला. वडील म्हणाले, "नशीब!" मित्र म्हणाले, "सेफ्टी खेळायची ना!" आणि तो मला म्हणाला, "मॅडम, सेफ्टी खेळलो असतो तर सगळे भित्रा म्हणाले असते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मुलं वर्गात हात वर करताना, परीक्षेत प्रश्न सोडताना, असाच विचार करत असतील का?

आधी खेळ समजून घेऊ

आठ बॉलच्या पूलमध्ये टेबलावर १५ रंगीत बॉल आणि एक पांढरा बॉल असतो. टेबलाला सहा पॉकेट असतात. एका खेळाडूकडे १ ते ७ नंबरचे एकरंगी बॉल येतात, दुसऱ्याकडे ९ ते १५ नंबरचे पट्ट्यांचे. आपले सातही बॉल घालवल्यावर आठ नंबरचा काळा बॉल घालायचा, की डाव जिंकला. बॉल पॉकेटमध्ये गेला की पुन्हा आपलीच पाळी. चुकला की समोरच्याची.

या शेवटच्या नियमातच सगळी गोम आहे. आपला चुकलेला फटका म्हणजे समोरच्याला दिलेली संधी. ती संधी किती मोठी, हे पांढरा बॉल कुठे जाऊन थांबला यावर ठरतं.

सेफ्टी म्हणजे काय?

बॉल घालवण्याचा प्रयत्न न करता, समोरच्याला सोपा फटका मिळणार नाही अशा जागी पांढरा बॉल नेऊन ठेवणं म्हणजे सेफ्टी. ती साधारण तीन प्रकारे साधते:

१. पांढरा बॉल दुसऱ्या एखाद्या बॉलच्या आड लपवायचा.
२. पांढरा बॉल टेबलाच्या एका टोकाला आणि समोरच्याला हवा असलेला बॉल दुसऱ्या टोकाला ठेवायचा.
३. पांढरा बॉल कुशनला चिकटवून ठेवायचा, म्हणजे त्याला क्यू नीट लावता येत नाही.

'नुसतं हळूच टोचलं की झाली सेफ्टी' असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं चालत नाही. पांढरा बॉल आधी आपल्या बॉलला लागला पाहिजे आणि त्यानंतर कोणता तरी बॉल कुशनपर्यंत पोचला पाहिजे किंवा पॉकेटमध्ये गेला पाहिजे. नाहीतर फाउल. प्रचलित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार फाउल झाला की समोरचा पांढरा बॉल हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवू शकतो. म्हणजे सेफ्टीलाही सराव आणि नेम लागतो.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी इथे आयता धडा आहे. पांढरा बॉल फिरकी न घेता दुसऱ्या बॉलवर अगदी समोरासमोर आपटला, तर तो जवळजवळ जागीच थांबतो आणि दुसरा पुढे जातो. दोघांचं वस्तुमान जवळपास सारखं असल्यामुळे संवेग दुसऱ्याकडे जातो. फटका कडेला निसटता लागला, तर उलट होतं: पांढरा बॉल बराचसा वेग राखून पुढे पळतो आणि दुसरा थोडासाच हलतो. सेफ्टी खेळणारा याचाच उपयोग करतो. पांढरा जागेवर ठेवायचा आहे की दुसरा, हे आधी ठरवतो आणि त्याप्रमाणे जाड किंवा बारीक फटका मारतो.

आता गणित

मी त्याला विचारलं, "तो कुशनवरचा फटका तू दहापैकी किती वेळा मारशील?"

"सहा वेळा तरी, मॅडम."

"ठीक आहे. बॉल तसेच मांडून वीस वेळा मार आणि वहीत लिहून आण. सेफ्टीही वीस वेळा करून बघ."

तीन दिवसांनी वही आली. फटका विसापैकी ७ वेळा बसला होता. सेफ्टी १२ वेळा नीट झाली होती. म्हणजे फटक्याची शक्यता ६० टक्के नव्हती, ३५ टक्के होती. चेहरा पडला होता, पण आकडे त्याने स्वतःच लिहिले होते. त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

उरलेले आकडे आम्ही अंदाजाने धरले. समोरच्याचा एक सोपा बॉल आणि मग काळा, एवढंच उरलं होतं. मोकळी पाळी मिळाली तर तो दहापैकी ८ वेळा डाव संपवेल. नाही संपवला, तर पुढे दोघांना समान संधी. आता असे १०० डाव खेळले असं समजू.

*फटका मारला तर:* ३५ डाव तिथेच जिंकले. ६५ वेळा चुकला. त्यातले ५२ समोरच्याने संपवले. उरलेल्या १३ पैकी निम्मे, म्हणजे सहा-सात, आपले. एकूण सुमारे ४१-४२ डाव.

*सेफ्टी खेळली तर:* ६० वेळा ती जमली. त्यातल्या निम्म्या वेळा, म्हणजे ३० वेळा, समोरचा फाउल करेल असं धरलं. पांढरा बॉल हातात मिळाल्यावर काळा दहापैकी ९ वेळा जाईल, म्हणून २७ डाव. बाकी ३० वेळा तो निसटला, तिथे समान संधी, म्हणून १५ डाव. सेफ्टी फसली ४० वेळा. त्यातले ३२ डाव गेले, उरलेल्या ८ पैकी ४ आपले. एकूण २७ + १५ + ४ = ४६ डाव.

म्हणजे सेफ्टी थोडी सरस ठरली. पण खरी गंमत पुढे आहे. त्याचा अंदाज बरोबर असता, म्हणजे फटका खरोखरच ६० टक्के असता, तर? मग ६० डाव तिथेच जिंकले, ४० पैकी ३२ गेले, ८ पैकी ४ आपले. एकूण ६४! तेव्हा फटका मारणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

मग सीमारेषा कुठे? वर्गाला हेच समीकरण मांडायला दिलं. उत्तर आलं ४० टक्के. फटका दहापैकी चाराहून जास्त वेळा बसत असेल तर मारा, कमी वेळा बसत असेल तर सेफ्टी खेळा. म्हणजे त्या मुलाची विचार करण्याची पद्धत चुकली नव्हती. स्वतःबद्दलचा आकडा चुकला होता.

फटक्याआधी विचारायचे प्रश्न

* हा फटका मी खरोखर किती वेळा मारतो? (आठवणीत राहिलेले नव्हे, मोजलेले.)
* चुकलो तर समोरच्यासमोर काय उरेल? त्याचे बॉल मोकळे आहेत की अडकलेले?
* बसला, तर पुढचा बॉल मिळेल का? सगळे बॉल संपवता येणार नसतील, तर नुसते दोन-तीन घालवून उपयोग नाही. टेबलावरचे आपले बॉल समोरच्याच्या वाटेतले अडथळे असतात. ते काढून मग चुकलो, तर त्याचीच वाट मोकळी होते.
* मधला मार्ग आहे का? कधीकधी असा वेग ठेवता येतो की बॉल गेला तर उत्तम, आणि नाही गेला तरी पांढरा अवघड जागी थांबतो. चांगले खेळाडू आधी हाच फटका शोधतात.

वर्गात कसं घ्याल?

शाळेत पूलचं टेबल कुठून आणणार? कॅरम बोर्ड पुरेसा आहे. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घालून कव्हर द्यावं लागतं. नाहीतर राणी परत बोर्डावर. 'आत्ता राणी घ्यावी की थांबावं?' हा तसाच प्रश्न.

१. कव्हरचा एक फटका मांडा. प्रत्येकाने दहापैकी किती बसतील याचा अंदाज आधी लिहायचा.
२. मग दहा वेळा मारून नोंद करायची.
३. अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक तक्त्यात भरायचा.

माझ्या वर्गात बहुतेकांचा अंदाज जास्त निघाला. दोन मुलींचा मात्र खूपच कमी निघाला. त्या स्वतःला उगाच कच्च्या समजत होत्या. त्यांना हा तक्ता जास्त उपयोगी पडला असं मला वाटतं.

मोठ्या वर्गांत परीक्षेचं उदाहरण घेता येईल. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ वजा होतो. इथली सीमारेषा २० टक्के. चारपैकी एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी उत्तर देणं फायद्याचं. जिथे चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, तिथे हीच रेषा २५ टक्क्यांवर जाते. प्रत्येक खेळाची रेषा वेगळी, ती मुलांना स्वतः काढू द्या.

पालकांसाठी थोडंसं

'पूल म्हणजे टवाळ पोरांचा खेळ' असं अजूनही कानावर येतं. पण क्यूचे खेळ आपल्याला परके नाहीत. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असं मानतात. १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे, आणि पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच.

मूल खेळून घरी आलं की 'जिंकलास का?' एवढंच विचारू नका. 'कुठे थांबलास? का थांबलास?' हेही विचारा. थांबण्याचं कारण त्याला सांगता आलं, तर ती भीती नव्हती, हे आपल्यालाही कळेल.

त्या मुलाने आता वहीत नवा रकाना केलाय: 'अंदाज' आणि 'खरे'. कुशनवरचा तो फटका मागच्या आठवड्यात विसापैकी ९ वर आलाय. म्हणजे ४५ टक्के. "मॅडम, आता मारायचा ना?" असं विचारत होता.

मी म्हटलं, "समोर कोण आहे ते बघ, आणि गणित परत मांड."