आईबापांच्या साक्षीने द्यायची परीक्षा

‘पोरगी एम.एस्सी. झाली. आता आणखी काय शिकायचे राहिले?’ हा प्रश्न आम्ही ओळखीच्या कितीतरी घरांतून ऐकला आहे. विचारणारे आईबाप शिक्षणाचे वैरी नसतात. गिरणीत, रेल्वेत, सफाई खात्यात हाडे झिजवून त्यांनीच लेकरांना तिथवर आणलेले असते. पण पीएच.डी. म्हणजे काय, ती कशी मिळते, हे त्यांना कधी कुणी समजावून सांगितलेलेच नसते. पोरगा चार-पाच वर्षे कुठल्याशा प्रयोगशाळेत जातो, एवढेच घराला ठाऊक असते. पुढे पेढे वाटताना शेजारच्या काकू विचारतात, ‘त्याने शोधून काय काढले?’ तर आईला सांगता येत नाही.

म्हणून वाचकहो, आज आम्ही तुम्हाला एका दूरच्या गावची हकिकत सांगतो. तिथे ही शेवटची परीक्षा बंद दाराआड होत नाही. भरल्या सभागृहात, आईबापांच्या साक्षीने होते.

गावाचे नाव नायमेगेन. नेदरलँड्स देशात, जर्मनीच्या सरहद्दीजवळ, वाल नदीच्या काठी ते वसले आहे. तिथल्या राडबाउड विद्यापीठात मेंदूवर संशोधन करणारी डॉन्डर्स इन्स्टिट्यूट आहे. आज जे तिचे रूप आहे ते २००८ साली आकाराला आले. माणूस भाषा कशी शिकतो, आठवणी कशा साठवतो, निर्णय कसा घेतो, हे तिथे अभ्यासले जाते.

चोपदार येईपर्यंत

या संस्थेच्या आगामी कार्यक्रमांची यादी जाहीर होते. तीत बाहेरून आलेल्या संशोधकांची व्याख्याने असतात, तरुण संशोधकांनी स्वतः भरवलेली परिषद असते. त्यांच्याच बरोबरीने पीएच.डी.च्या जाहीर तोंडी परीक्षांचीही नोंद असते : उमेदवाराचे नाव, प्रबंधाचा विषय, तारीख, वेळ. कुणीही यावे, बसावे, ऐकावे.

त्या दिवशी झगे आणि टोप्या घातलेले प्राध्यापक रांगेने सभागृहात येतात. पुढे दंड घेतलेला चोपदार असतो. उमेदवाराच्या दोन बाजूंना त्याचे दोन सोबती उभे राहतात. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसेच हे पाठराखे. मित्र असतात, बहीणभाऊही असतात. मग एकेक प्राध्यापक प्रश्न विचारू लागतो. त्यांना तिथे ‘विरोधक’च म्हणतात. ‘तुम्ही हा निष्कर्ष कशावरून काढला?’ ‘प्रयोगात माणसे एवढीच का घेतली?’ उमेदवाराने उभे राहून, न चिडता, पुराव्यानिशी उत्तर द्यायचे.

हे बरोबर ४५ मिनिटे चालते. मग चोपदार पुन्हा आत येतो आणि लॅटिन भाषेत पुकारतो, ‘होरा एस्ट’, म्हणजे वेळ झाली! वाक्य अर्धे राहिले तरी परीक्षा तिथेच संपते. आपल्याकडे ज्योतिषी ‘होरा’ सांगतात, तो शब्दही मूळचा ग्रीकच. पण हा होरा नशीब सांगत नाही, कष्टाची वेळ पुरी झाली एवढेच सांगतो.

खरे पाहता प्रबंध आधीच तज्ज्ञांच्या समितीने वाचून मान्य केलेला असतो, त्यामुळे या दिवशी सहसा कुणी नापास होत नाही. मग एवढा सोहळा कशाला? आम्हाला वाटते, ज्ञान मिळवणाऱ्याने लोकांपुढे उभे राहून जाब दिला पाहिजे, म्हणून. पुष्कळदा परीक्षेआधी उमेदवार साध्या भाषेत आपले काम घरच्यांना व पाहुण्यांना समजावून सांगतो. प्रबंधाचे पुस्तक छापलेले असते, आणि त्यात तिथल्या लोकभाषेतला सारांश असतो. आजीलाही कळावे, अशी त्यामागची भावना.

आठवण ही मिरास नव्हे

तिथे काम कसले चालते, याचा एक नमुना देतो. डॉन्डर्सचे मार्टिन ड्रेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली स्मरणशक्तीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांत चमकलेल्या २३ जणांचे मेंदू त्यांनी एमआरआय यंत्राने तपासले. या लोकांच्या मेंदूची घडण सामान्यांहून वेगळी असेल असे कुणालाही वाटेल. तशी ती आढळली नाही. वेगळेपण दिसले ते मेंदूच्या निरनिराळ्या भागांच्या एकमेकांशी असलेल्या जोडणीत.

मग त्यांनी ५१ साध्या माणसांचे गट केले. एका गटाला सुमारे ४० दिवस, रोज अर्धा तास, एक जुनी युक्ती शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले आधी सरासरी ३० च्या आतच शब्द त्यांना आठवत. सरावानंतर त्यात सुमारे ३५ शब्दांची भर पडली. ज्यांना ही युक्ती शिकवली नव्हती, त्यांची प्रगती त्यामानाने फारच थोडी होती. चार महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही फायदा बराचसा टिकून होता.

ती युक्ती आपल्या घरातही करता येते. ओळखीची वाट मनात धरायची : उंबरा, चपलांची जागा, मोरी, ओटा, भांड्यांची फळी, माळा. जे लक्षात ठेवायचे, ते एकेक करून त्या जागी ठेवल्याची कल्पना करायची. मग मनातल्या मनात घरात फिरायचे, की एकेक वस्तू भेटत जाते. दहा बाय दहाच्या खोलीतही भरपूर जागा निघतात!

पाठांतर ही अमक्या घराण्याची मिरास आहे, असे या देशात फार काळ सांगितले गेले. इथे तर दीड महिन्याच्या सरावाने साध्या माणसांची आठवण दुपटीच्या घरात गेली.

सामान्यांच्या वर्गणीचे विद्यापीठ

ज्यांचे नाव संस्थेला दिले आहे, ते फ्रान्सिस्कस डॉन्डर्स (१८१८–१८८९) नऊ भावंडांत धाकटे. वडील लहानपणीच वारले. पुढे ते नामांकित नेत्रवैद्य झाले आणि १८५८ साली उट्रेख्त शहरात गोरगरिबांसाठी डोळ्यांचे रुग्णालय उघडले. १८६८ साली त्यांनी विचाराला लागणारा वेळ मोजून दाखवला. पायाला विजेचा हलका धक्का बसला, की त्याच बाजूच्या हाताने खूण करायची. कोणत्या पायाला धक्का बसणार हे आधी माहीत असेल तर हात लवकर हलतो. माहीत नसेल तर सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त लागतो. तेवढाच वेळ मनाने ठरवण्यात गेला.

विद्यापीठाची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दोनशे वर्षे त्या देशातल्या कॅथलिकांना उघड प्रार्थना करता येत नसे, सरकारी पदे मिळत नसत. पुढे कायदे बदलले, तरी उच्च शिक्षणात ते मागेच राहिले. तेव्हा १९०५ पासून समाजाने वर्गणी गोळा केली आणि १९२३ साली स्वतःचे विद्यापीठ उभे केले. मागे पडलेल्यांनी पैसापैसा जोडून बांधलेल्या त्याच घरात आज मेंदूचे विज्ञान घडते आहे.

आपल्या घरासाठी

तिथे पीएच.डी. करणाऱ्याला बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते. आपल्याकडे तशी सोय सरसकट नाही. तरी नेट-जेआरएफ आहे, बार्टीची फेलोशिप आहे. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आपल्या विद्यापीठांतही खुली असते. घरच्यांना बसता येईल का, हे आधी विचारून घ्यावे आणि जावे. एका दिवसाचा खाडा पडला तरी चालेल.

आणि संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. विद्यापीठाच्या परीक्षेआधी एक परीक्षा घरी द्या. रात्री जेवणे आटोपली, की आईला समोर बसवा आणि आपण काय शोधतो आहोत ते तिच्या बोलीत सांगा. ती ‘कशावरून?’ म्हणून विचारील. त्या प्रश्नाला उत्तर देता आले, की पुढच्या वेळी शेजारच्या काकूंना उत्तर द्यायला आई समर्थ असेल.