घंटेला ओ आधी, काम मागून

दिवाळीच्या आठवड्यात कोणत्याही घरचे स्वयंपाकघर पाहावे. कढईत चकल्या तळत असतात आणि नेमकी त्याच वेळी दारावरची घंटा वाजते. अशा वेळी सुगरण काय करते? कढई पेटत्या आचेवर सोडून ती दारात गप्पा मारीत उभी राहत नाही. घंटा ऐकलीच नाही असेही करीत नाही. आच मंद करते, दार उघडते, आलेले पुडके घेते, सही करते, पुडके कोनाड्यात ठेवते आणि पुन्हा झारा हाती धरते. पुडक्याची दोरी सोडणे, आतला कपडा मापाचा आहे की नाही ते पाहणे, हे सारे चकल्या उतरल्यावर!

गंमत अशी की, ही साधी रीत संगणकाला शिकवताना भल्याभल्यांना घाम फुटला आहे.

संगणकालाही अशा घंटा सारख्या ऐकू येत असतात. कळफलकावर बोट पडले, दूरच्या यंत्राकडून निरोप आला, घड्याळाचा ठोका पडला, की चालू काम थांबवून त्याची दखल घ्यावी लागते. ह्या खुणेला इंग्रजीत इंटरप्ट म्हणतात. आपल्या परिभाषेत तिला ‘व्यत्यय’ म्हणतात. मराठीचा अध्यापक म्हणून मला मात्र ‘हाक’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. व्यत्यय नकोसा असतो. हाकेला ओ द्यायची असते.

हॉलंडमधील नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी 1959 साली डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, त्यात एक्स-1 नावाच्या यंत्राला अशा हाका हाताळायला शिकवण्याचे काम होते. ह्या कामाची त्यांना आधी धास्तीच वाटली होती. कारण उघड आहे. हाक कोणत्या क्षणी येईल ह्याचा नेम नाही. तेव्हा काही बिघडले, तर तोच बिघाड पुन्हा घडवून तपासावा कसा?

दौंडच्या प्रवाशाला ही अडचण लवकर समजेल. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. जुन्या ब्लॉक पद्धतीत शेजारच्या स्टेशनावरून घंटेचे ठरावीक ठोके येत. स्टेशनमास्तर तेच ठोके परत देऊन पोच देई आणि वहीत वेळ मांडी. गाडी आली की पार्सले फलाटावर उतरत आणि गाडी पुढे जाई. कोणते पार्सल कोणाचे, हे लावत बसायचे ते मागाहून. पार्सले लावीपर्यंत गाडी रुळावर उभी ठेवली, तर मागच्या साऱ्या गाड्या खोळंबणार! संगणकाचेही तसेच. एका हाकेची दखल घेत असताना तो बहुधा दुसऱ्या हाकांना कान बंद करतो. म्हणून हे कान बंद ठेवणे क्षणभराचेच हवे. पोच द्यावी, नोंद करावी, आणि लांबीचे काम कान उघडे ठेवून मागाहून करावे.

आता ह्यापुढची पायरी. आज एकाच मोठ्या संगणकात अनेक संगणक नांदतात. पुण्यातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाला वाटते की घर आपलेच. ही किमया करणाऱ्या मूळ कार्यक्रमाला हायपरव्हायझर म्हणतात. आपण त्याला वाड्याचा दरवान म्हणू. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2015 साली पुण्यात आपले डेटा-केंद्र सुरू केले. अशा केंद्रांतला कारभार ह्या दरवानांवरच चालतो. शिरूरच्या व्यापाऱ्याचा हिशेब आणि दौंडच्या विद्यार्थ्याचा प्रवेश-अर्ज अशा एकाच वाड्यात शेजारी-शेजारी राहत असू शकतात. कोणाचेही पत्र हरवता कामा नये आणि दुसऱ्याच्या हाती पडता कामा नये.

म्हणून ह्या दरवानाला काही नियम कसोशीने पाळावे लागतात.

पहिला नियम : दारात कोणाची वाट पाहत थांबू नये. समजा, आलेले टपाल कोठीत ठेवायचे आहे आणि कोठीची किल्ली दिवाणजींच्या कमरेला आहे. त्यांना तर ह्याच हाकेने अर्ध्या कामात थांबवले आहे. किल्ली मिळेपर्यंत दरवान हलेना आणि दरवान हलल्याशिवाय दिवाणजींचे काम पुढे सरकेना! वाडा तिथल्या तिथे गोठला. दारात फक्त नोंद करावी. किल्लीचे काम मागून.

दुसरा नियम क्रमाचा. पत्र आले की आधी ते कोनाड्यात ठेवावे, मग पाटीवर खूण करावी. वाटप करणाऱ्याने उलट करावे : आधी खूण पुसावी, मग कोनाडा रिकामा करावा. त्याने कोनाडा आधी रिकामा केला आणि खूण मागून पुसली, तर मधल्या क्षणी आलेल्या पत्राची खूणही पुसली जाते. पत्र कोनाड्यात, पाटी कोरी, आणि कोणाला पत्ताच नाही! योग्य क्रम पाळला तर फार तर एक फेरी फुकट जाईल. पत्र मात्र जाणार नाही.

तिसरा नियम : कारभार बिऱ्हाडाच्या हाती परत देण्यापूर्वी पाटीवर शेवटची नजर टाकावी, आणि ती टाकताना घंटा क्षणभर धरून ठेवावी. नाहीतर नजर फिरवली आणि निघाला, एवढ्या फटीत नवे पत्र येऊन राहील. धरलेली घंटा हरवत नाही, सोडल्याबरोबर वाजते.

चौथा नियम : बिऱ्हाड सोडून जाताना त्याच्या नावावरची राखून ठेवलेली कामे आधी निकालात काढावी. त्याशिवाय खोली दुसऱ्याला देऊ नये.

एवढे करूनही एक पथ्य उरते. मागे ठेवलेल्या कामांनाही जागा लागते, आणि जागा अमर्याद नसते. 20 जुलै 1969 रोजी चंद्रावर उतरत असताना अपोलो-11 च्या संगणकाने 1202 ह्या क्रमांकाचा धोक्याचा इशारा दिला, तो ह्याच कारणाने. एका रडारच्या अनावश्यक संकेतांत वेळ खर्ची पडत होता, कामे साचली आणि त्यांना ठेवायला जागा पुरेना. परंतु कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी कोणते काम सोडता येईल आणि कोणते मुळीच नाही, हे आधीच ठरवून ठेवले होते. संगणकाने स्वतःला नव्याने सुरू केले, गौण कामे टाकून दिली आणि उतरण्याचे काम चालू ठेवले.

हाच विचार आता आपल्या दारातल्या मोटारीतही आला आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात. मोटारीला जबर धडक बसली, तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हवेची पिशवी फुगली पाहिजे. धडकेची नोंद स्मृतीत साठवणे, समोरचा दिवा लावणे, ही कामे मागाहून झाली तरी चालतात. गाणे वाजवणारे यंत्र तर आणखी थांबू शकते. आधीचे आणि मागाहूनचे ह्यांची गल्लत झाली, तर मात्र प्राणाशी गाठ आहे.

आपल्या भाषेत ‘टाळणे’ आणि ‘राखून ठेवणे’ असे दोन निराळे शब्द आहेत. टाळलेल्या कामाची नोंद नसते. राखून ठेवलेल्या कामाला जागा असते, खूण असते आणि ते हाती घेण्याची वेळ ठरलेली असते. तानाजीने कोंढाण्यासाठी रायबाचे लग्न मागे ठेवले, आणि तानाजी पडल्यावर महाराजांनी ते लावून दिले, असे परंपरा सांगते. काम मागे ठेवणारा उद्या असेल-नसेल. नोंद पक्की असली की पुढचा माणूस ते पार पाडतो. कोनाड्यातल्या पुडक्याचेही तसेच आहे. चकल्या उतरल्या की ते उघडायचे आहे, एवढे घरात कोणाच्या तरी ध्यानात असले म्हणजे झाले.