हिमप्रदेशातील वाहन : लेखांक पाचवा – रस्त्यावरचे मीठ आणि जीपचा तळ

बर्फाळ रस्त्यावर टायरांची पकड कशी टिकते, याचा विचार मागील लेखांकात झाला. ती पकड मिळावी म्हणून अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्ये आणि कॅनडातील प्रांत हिवाळाभर रस्त्यांवर जे मीठ पसरतात, त्यामुळे असंख्य अपघात टळतात हे निःसंशय. परंतु तेच मीठ गाडीच्या तळाशी जाऊन पोलाद खाऊ लागते, आणि जीप, टॅकोमा यांसारख्या आडवाटेने हिंडणाऱ्या गाड्यांना त्याची झळ इतरांहून अधिक लागते. असे का होते आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा, हा आजचा विषय.

रस्त्यावर मीठ टाकण्याची प्रथा फार जुनी नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली तिचा प्रयोग केला, दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले तशी ती सर्वत्र रूढ झाली, आणि आज एकट्या अमेरिकेत दरसाल सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. त्यासाठी ते दूरदेशीहून आणावे लागत नाही. चाळीस कोटी वर्षांहूनही पूर्वी आटून गेलेल्या समुद्राचे थर मिशिगनच्या भूगर्भात आहेत. खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, आणि पलीकडे ऑन्टारिओत गॉडरिच येथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली जी खाण पसरली आहे, ती या प्रकारच्या भूमिगत खाणींत जगातील सर्वांत मोठी गणली जाते. ज्या टोलिडो शहरी १९४१ साली विलीज कंपनीने सैन्यासाठी जीपा बांधण्यास आरंभ केला आणि जेथे आजही जीपची रँग्लर ही गाडी तयार होते, ते शहर डेट्रॉइटपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणजे हे वाहन आणि त्याला खाणारे मीठ ही दोन्ही एकाच मुलखाची उपज होत.

साधे मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. प्रयोगशाळेत त्याची सीमा उणे २१ अंश सेल्सियस असली, तरी प्रत्यक्ष रस्त्यावर उणे नऊ अंशांच्या खाली त्याचा प्रभाव मंदावतो, आणि म्हणून अधिक कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड यांची द्रावणे शिंपडण्याची तजवीज असते. वाहनाच्या दृष्टीने ही द्रावणे अधिक घातक ठरतात, आणि त्याचे कारण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात आपल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, त्यामागे मिठात अल्पांशाने असलेले मॅग्नेशियमचे क्षारच बहुतांशी असतात; ते हवेतील बाष्प ओढून घेतात. हवेत एकतृतीयांश आर्द्रता असली तरी मॅग्नेशियम क्लोराइड ओले होऊ शकते. तेव्हा वर लख्ख ऊन पडले आहे, रस्ता कोरडा ठणठणीत दिसतो आहे, गाडीच्या दारांवर पांढरी पूड तेवढी बसली आहे, आणि चालक निर्धास्त आहे, अशा दिवशीही तिच्या तळाशी, सांध्यासांध्यांत, क्षाराचे पातळ ओलसर पटल जागे असते आणि आपले काम करीत असते.

हे काम विद्युत्-रासायनिक आहे. ओल्या पोलादावर काही ठिकाणी लोहाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात, तर शेजारच्याच दुसऱ्या ठिकाणी हवेतील प्राणवायू ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. या दोहोंमधील मंडल पुरे होण्यास जी वाहकता लागते ती शुद्ध पाण्यात अल्प असते, मिठाच्या पाण्यात विपुल असते, आणि शिवाय क्लोराइडचे आयन पोलादावरील संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा टिकू देत नाहीत. यातील एक गोष्ट आडवाटेच्या गाडीवाल्याने कायम लक्षात ठेवावी. जेथे प्राणवायू भरपूर पोहोचतो तो भाग तुलनेने सुरक्षित राहतो, आणि जेथे तो कमी पोहोचतो, म्हणजे चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, बोल्टच्या डोक्याखाली, तेथले पोलाद झिजते. गंज बाहेरून आत जातो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; चौकोनी नळीसारख्या बंद चासीच्या बाबतीत तो बहुधा आतून बाहेर येतो.

आता जीपचा उन्हाळ्यातील दिनक्रम पाहा. ती ओढ्यांतून जाते, चिखलात रुतते, वाळूच्या टेकड्या चढते. चासीच्या बाजूंना जी भोके ठेवलेली असतात त्यांतून गाळ आत शिरतो, खालची निचऱ्याची भोके बुजवतो आणि आतच सुकून बसतो. दगडांच्या आघातापासून गिअरबॉक्स आणि पेट्रोलची टाकी वाचावी म्हणून बसविलेल्या जाड स्किड प्लेटा आपले काम चोख करतात, परंतु त्यांच्या वरच्या अंगाला मातीचा थर साचतो. तळाचा रंग खडकांनी ठिकठिकाणी खरवडून निघालेला असतो. आणि अशा अवस्थेत डिसेंबर येतो. त्या मातीत खारे पाणी एकदा मुरले की एप्रिलपर्यंत ती सुकत नाही. शहरात कार्यालय ते घर एवढेच फिरणाऱ्या मोटारीवर हा प्रसंग सहसा येत नाही.

मिशिगनमधील एका वर्कशॉपात १९९७ ते २००६ च्या पिढीतील एक रँग्लर लिफ्टवर चढविलेली मी पाहिली होती. तळाला गुळगुळीत काळे डांबरी कोटिंग होते आणि खालून पाहता गाडी नवीकोरी भासत होती. कारागिराने हातोडीने चासीवर पुढून मागे ठोके देत नेले. पुढे प्रत्येक ठोक्याला खणखणीत नाद उठला. मागील खालच्या कंट्रोल आर्मचा कान जेथे चासीला जोडलेला असतो त्या जागी येताच आवाज बद्द झाला, आणि त्याने स्क्रूड्रायव्हर टेकविला तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या कातडीचा तुकडा सुटून पडला, त्यामागून गंजाचे थरावर थर आणि सुकलेली माती भुरुभुरु गळाली. गाडीचा मागील आस ज्यावर तोलला जातो त्या ठिकाणी पोलाद नावापुरते उरले होते.

हा दोष एखाद्या कंपनीपुरता मर्यादित नाही, तरी एका प्रकरणाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण त्याने या विषयाला सार्वजनिक महत्त्व आले. टोयोटाच्या १९९५ ते २००० सालच्या टॅकोमा गाड्यांच्या चासी अकाली सडू लागल्या, तेव्हा २००८ साली कंपनीने त्या दोषाची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढविली आणि फार बिघडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. पुढे नंतरच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया गाड्यांबद्दल मालकांनी सामुदायिक दावा लावला. सुमारे पंधरा लक्ष गाड्यांसंबंधीचा तो दावा २०१६ साली तडजोडीने मिटला, आणि चासीला ठरावीक मापाचे भोक पडले असल्यास ती बदलून देण्याची जबाबदारी कंपनीने पत्करली.

इलाजांपैकी सर्वाधिक खपणारा, आणि माझ्या मते सर्वाधिक फसवा, तो म्हणजे रबरी किंवा डांबरी जाड कोटिंग. अगदी नव्या, स्वच्छ, कोरड्या पोलादावर ते बसविले आणि पुढे त्याला एकही ओरखडा गेला नाही, तर त्याचा उपयोग होतो. परंतु खडकांवरून जाणाऱ्या गाडीला ओरखडा जाणारच, आणि मग त्या चिरेतून शिरलेले खारे पाणी कोटिंगच्या आड अडकून राहते. बाहेरून ते दिसत नाही, धुऊन निघत नाही, आणि जुनी गाडी विकताना दोष झाकण्यास या कोटिंगचा सर्रास वापर होतो. मिशिगन-ओहायोतील मोटारधंद्यात असलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना जुनी जीप घेण्याची हौस असेल, त्यांनी ताजे काळे कोटिंग पाहून समाधान मानू नये. सौदा ठरण्यापूर्वी हातोडी मारून पाहण्याची परवानगी मागावी. शक्य असल्यास ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील गाडी घ्यावी.

अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे कधीही न वाळणारे तेल किंवा मेण. लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनवर आधारलेले फ्लुइड फिल्म हे द्रव्य मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या जहाजांतील टाक्यांसाठी सिद्ध झाले. कॅनडात क्राउन आणि रस्ट चेक यांची तेले दरसाल मारून घेण्याची रीत आहे. अशा पटलाला ओरखडा गेला तरी आसपासचे द्रव्य थोडेफार सरकून ती जागा झाकते, ते फटींत आपोआप झिरपते, आणि पोलादाला पाणी व प्राणवायू या दोहोंपासून अलग ठेवते. उणीव एवढीच की चाकांच्या फवाऱ्याने ते धुपते, म्हणून दरवर्षी पुन्हा मारावे लागते. पुष्कळांना हा वार्षिक खर्च जाचतो; परंतु नवी चासी टाकण्याच्या खर्चापुढे तो नगण्य आहे.

हे काम ऑक्टोबरात, कोरड्या हवेत, पुढील क्रमाने करावे. स्किड प्लेटा उतरवाव्यात. या पायरीला फाटा दिला तर बाकीचे श्रम निम्मे वाया जातात. चासीच्या भोकांतून पाण्याचा पाइप घालून, खालून स्वच्छ पाणी गळू लागेपर्यंत आतला गाळ काढावा, निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत, आणि गाडी एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावी. सुटे पोपडे तारेच्या ब्रशाने काढावेत. मग चहूबाजूंनी फवारणारे तोंड असलेली लांब नळी चासीच्या आत शेवटपर्यंत सरकवून, फवारा सुरू ठेवीत ती सावकाश मागे ओढावी. आतला भाग भिजला की नाही याची खूण म्हणजे निचऱ्याच्या भोकांतून द्रव्याचे थेंब पडू लागतात. त्यानंतर बाहेरचा तळ, स्प्रिंगांचे कान, दारांच्या खालच्या कडा. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळ्या आणि रबरी बुश यांच्यावर ते उडू देऊ नये. लॅनोलिनचा उग्र वास काही दिवस राहतो, त्याला उपाय नाही.

बाजारात विजेवर चालणारी एक डबीही मिळते, जी बॅटरीला जोडताच गंज थांबतो असा दावा केला जातो. समुद्रात बुडालेले जहाज किंवा ओल्या जमिनीत पुरलेली नळी यांचे रक्षण विद्युत्प्रवाहाने होते, कारण तेथे सभोवार सलग वाहक द्रव किंवा ओली माती असते. हवेत उभ्या असलेल्या मोटारीभोवती तसे माध्यम नसल्याने हा खर्च करू नये.

हिवाळ्यात धुलाई करावी ती तापमान शून्याच्या वर गेलेल्या दिवशी. जोरदार दाबापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचे, कारण तीव्र दाबाने मीठ सांध्यांत आणखी आत ढकलले जाते आणि बेअरिंगांचे सीलही उघडतात. बागेत पाणी शिंपडण्याचे साधे यंत्र गाडीखाली अर्धा तास सोडून ठेवण्याची युक्ती अनेक जण करतात, आणि ती उत्तम आहे. उबदार गॅरेजबद्दल मात्र सावध राहावे : गोठलेल्या थंडीत गंजाची क्रिया मंदावते, आणि मिठाने माखलेली गाडी रोज रात्री उबेत आणली की ती क्रिया नव्या जोमाने सुरू होते. न धुतलेली गाडी बाहेर थंडीत ठेवलेली बरी.

शेवटी ब्रेकच्या नळ्या. चासी सडण्यास वर्षे लागतात, पण बारीक पोलादी नळी तिच्याही आधी फुटू शकते, आणि फुटते ती पाय जोराने दाबलेल्या क्षणी. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या ट्रकांविषयी अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने चौकशी केली. २०१५ साली ती बंद करताना गाड्या परत बोलावण्याचा हुकूम खात्याने दिला नाही, तळ नियमित धुण्याची आणि नळ्या तपासून घेण्याची शिफारस तेवढी केली. नळीवर फोड दिसू लागले की एखादा तुकडा जोडून वेळ मारून नेऊ नये. सर्वच नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या घालून घ्याव्यात. त्या मिठाला दाद देत नाहीत, हातानेही सहज वाकतात, आणि त्यांची किंमत थोडीच अधिक असते.

(पुढील लेखांकी : कडाक्याच्या थंडीत बॅटरी व इंजिनचे तेल)